मक्याच्या राज्यातलं एक मत

नोव्हेंबरातल्या त्या बुधवारी शैलजा सबनीस त्सुकुबातल्या आपल्या प्रयोगशाळेत भाताची मुळं धूत होती. हातांत ओले रबरी हातमोजे, आणि समोरच्या रॅकला फोन टेकवून उभा केलेला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं मतदान संपत आलं होतं. तिच्या राज्यातली केंद्रं जपानच्या घड्याळाप्रमाणे सकाळी अकराला बंद व्हायची होती. तिचं राज्य म्हणजे मक्याच्या पट्ट्यातलं ते राज्य, जिथे ती आणि तिचा नवरा सदानंद एकोणीस वर्षं राहिले, जिथे मुलगी झाली, आणि जिथलं घर विकून त्यांना आता सात वर्षं झाली होती.

अकरा वाजले. मिनिटभरही गेलं नसेल, तोवर पडद्यावरच्या नकाशात ते राज्य रंगलंसुद्धा. निकाल लागला. मोजणी धड सुरूही झाली नव्हती.

शैलजानं नळ बंद केला. दीड महिन्यापूर्वी ती पोस्टात रांगेत उभी राहून आपली आणि मुलीची अशी मतपत्रिकांची दोन पाकिटं रजिस्टर करून आली होती. पाकीट पोचलं की नाही ते रोज ट्रॅक करत होती. आणि तिकडे त्यांना ते उघडायचीही गरज पडली नव्हती.

संध्याकाळी अस्मितानं, तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं, अगदी साधेपणानं विचारलं, "आई, आपलं पाकीट त्यांनी ओपन तरी केलं असेल ना?"

"केलं असेल."

"पण आधीच कळलं होतं ना कोण जिंकणार?"

"हो."

"मग?"

या "मग"चा शैलजाला भयंकर राग आला.

तसं पाहिलं तर गोष्ट सोपी होती. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडताना देशभरातली मतं एका ढिगात घालून मोजत नाहीत. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं असतात, आणि जवळपास सगळ्या राज्यांत जो एका मतानं का होईना पुढे जाईल, त्याच्या पदरात ती सगळीच्या सगळी पडतात. शैलजाच्या राज्याची सहा. तिचा पक्ष तिथे वीस-वीस टक्क्यांनी हरायचा. म्हणजे तिनं मत दिलं काय, न दिलं काय, त्या सहातलं एकही इकडचं तिकडे होणार नव्हतं. आणि देशभरात कमी मतं मिळूनही माणूस राष्ट्राध्यक्ष झाल्याचं तर तिनं त्या देशात राहून दोनदा पाहिलं होतं.

यावर एक तोडगा काही लोक कित्येक वर्षं लावून धरत होते. राज्याराज्यांनी आपसात करार करायचा: आपल्या राज्यात कोणी का जिंकेना, देशभरात ज्याला सगळ्यात जास्त मतं, त्यालाच आपण आपली मतं देऊ. सह्या केलेल्या राज्यांच्या मतांची बेरीज दोनशे सत्तर, म्हणजे जिंकायला लागतात तेवढी, झाली की करार लागू. आकडा दोनशे नऊवर येऊन थांबला होता. एकसष्ट कमी. त्यातली सहा शैलजाच्या राज्याच्या हातात होती, आणि जानेवारीत तिथल्या विधिमंडळात तसं एक विधेयक आलं.

ते आणवलं होतं लॉरेटा नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेनं. लॉरेटा शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. तिनं राज्याबाहेर राहणाऱ्या मतदारांना मेल पाठवले: तुमच्यासारख्यांची पत्रं हवीत, जो जिथे आहे तिथून त्यानं आपल्या आमदारांना लिहावं, इतरांकडून लिहून घ्यावं. शैलजानं जपानची जबाबदारी घेतली. कोणी दिली नव्हती, तिनंच घेतली.

"सगळ्या जपानात तुझ्या राज्याची माणसं किती असतील?" सदानंदनं विचारलं.

"असतील तीस-चाळीस."

"आणि तू त्यांना हुडकून काढणार."

"काढणार."

सदानंदनं आपला भारतीय पासपोर्ट आजवर सोडला नव्हता. भारतात मत द्यायचं तर त्या दिवशी साताऱ्यात हजर असायला हवं, आणि निवडणूक नेमकी त्याच्या प्रयोगाच्या ऐन गडबडीत यायची. "मी कुठेच मत देत नाही, आणि मला झोप छान लागते," असं तो वर हसत सांगायचा. शैलजाला हे वाक्य पाठ झालं होतं आणि ते दर वेळी नव्यानं टोचायचं.

महिनाभरात तिनं पंधरा पत्रं जमवली. दोन मिशनरी बायका, टोकियोजवळच्या ग्योतोकुत इंग्रजी शिकवणारा एक तरुण, त्याच्या ओळखीनं आणखी तिघं, असं करत करत. सोळावं पत्र तिला श्यामकडून हवं होतं. श्याम मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. पूर्वी अमेरिकेत शैलजा-सदानंद राहायचे त्याच विद्यापीठाच्या गावात त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. दिवाळीच्या जेवणांना शैलजाकडे भांडी घासायला उभा राहिलेला. नागरिकत्वही दोघांनी एकाच वर्षी घेतलेलं. आता कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी नागोयाला पाठवलं होतं. फोनवर "बघू, बघू" चाललं होतं, म्हणून अकरा फेब्रुवारीच्या सुट्टीला शैलजा सरळ शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडून नागोयाला गेली.

श्यामची बायको नयना हिनं साबुदाण्याची खिचडी केली होती. शेंगदाणे इथले, पण साबुदाणा पुण्याहून आणलेला, हे तिनं आवर्जून सांगितलं. खाणं झालं, चहा झाला. शैलजानं पिशवीतून पत्राचा कागद काढला. मजकूर तयार होता, खाली फक्त नाव, जुना पत्ता आणि सही.

श्यामनं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि घडी न करता टेबलावर ठेवला.

"शैलजाताई, रागावू नका. मी नाही करणार सही."

"का रे?"

"कारण माझं मत तिथे चालतंय की. मी ज्याला देतो तो आपल्या राज्यात जिंकतो. मग मी ही पद्धत कशाला बदलू?"

श्याम कोणत्या पक्षाला मत देतो हे शैलजाला आजवर माहीतच नव्हतं. इतक्या दिवाळ्या झाल्या, हा विषय कधी निघाला नव्हता. ती क्षणभर नयनाकडे बघत राहिली. नयनानं कप गोळा करायला घेतले.

"अरे, तुझंही नाही चालत," शैलजा म्हणाली. "तुझा माणूस तिथे वीस टक्क्यांनी जिंकतो. तू घरी बसलास तरी जिंकतो. आपल्या राज्यात कधी कोणी उमेदवार प्रचाराला आलेला पाहिलास? तुझं मत विचारायला तरी कोण येतं? जे माझं, तेच तुझं."

"पण मी जिंकतो ना."

"हा काय क्रिकेटचा सामना आहे का?"

"तसंच धरा." श्याम ओशाळून हसला, पण मागे हटला नाही. "आणि खरं सांगू? सगळ्या देशाची मतं एकत्र केली की मोठ्या शहरांपुढे आपल्या त्या गावाला कोण विचारणार?"

"आता कोण विचारतंय?"

"निदान राज्य म्हणून सहा मतं तरी आहेत."

तासभर हे चाललं. शैलजानं कागदावर आकडे मांडून दाखवले. श्यामनं ते मान्य केले आणि सही केली नाही. शेवटी नयना म्हणाली, "ताई, गाडी चुकेल तुमची," आणि ते बरोबरच होतं. तिनं डब्यात खिचडी बांधून दिली. श्याम भुयारी रेल्वेच्या फाटकापर्यंत सोडायला आला, पिशवी स्वतः उचलली, आणि फाटकाशी म्हणाला, "सदानंदना नमस्कार सांगा." इतक्या चांगुलपणानं नाही म्हणणाऱ्या माणसाचं करायचं काय? शैलजा टोकियोपर्यंत खिडकीबाहेर न बघता बसून राहिली.

सुनावणी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठरली. तिथे बुधवारी दुपारी तीन, म्हणजे त्सुकुबात गुरुवारी सकाळचे सहा. समितीपुढे ऑनलाइन बोलता येणार होतं, प्रत्येकाला दोन मिनिटं. शैलजानं आठ दिवस ती दोन मिनिटं घासली. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हचा टायमर लावून बोलायची. पहिल्यांदा तीन मिनिटं वीस सेकंद झाली. मग दोन-चाळीस. शेवटी एक-छप्पन्न. त्यातलं प्रत्येक वाक्य तिला आवडत होतं.

गुरुवारी ती पाच वाजता उठली. वर चांगला कोट, खाली घरातला पायजमा आणि लोकरीचे मोजे. पावणेसहाला ऑनलाइन दाखल झाली. पडद्यावर लाकडी टेबलामागे अकरा माणसं, मधोमध समितीचे प्रमुख. उंच, पांढऱ्या भुवयांचे, मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याचेच असावेत असे हात. त्यांच्यापुढे आधी दुसरंच विधेयक होतं, गुरांच्या वाहतुकीचं. ते सात वाजेपर्यंत चाललं.

साडेसातला सदानंद दारातून खुणेनं म्हणाला, "प्लास्टिक."

गुरुवार प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार. आठच्या आत खाली नेऊन ठेवायचं, तेही नीट धुऊन. मागच्या आठवड्यात दह्याचे डबे तसेच ठेवले म्हणून पिशवीवर लाल चिठ्ठी लागून ती परत आली होती.

"तू ने ना," शैलजा माइक बंद आहे याची दोनदा खात्री करून म्हणाली.

"नेतो. पण ऑफिसला सांगितलंयस का उशीर होणार ते?"

नव्हतं सांगितलं. तिनं घाईघाईनं प्रयोगशाळेच्या किमुरा-सानना मेसेज टाकला. तो टाकेपर्यंत पडद्यावर दोन वक्ते बोलून गेले.

आठ वाजून दहा मिनिटांनी समितीच्या प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. अजून पुष्कळ लोक बाकी आहेत, त्यामुळे यापुढे प्रत्येकाला एकच मिनिट. आणि त्यानंतर पहिलंच नाव पुकारलं गेलं ते शैलजाचं. "शेल्जा सॅब-निस."

एक-छप्पन्नचं एक मिनिट कसं करायचं, हे तिला उभ्या जागी सुचेना. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. मी तुमच्या राज्यात एकोणीस वर्षं राहिले, तुमच्या जमिनीतल्या मातीवर काम केलं, तिथेच नागरिकत्व घेतलं. ते घेण्याचं एकच कारण होतं, मला मत हवं होतं. इथपर्यंत आली आणि घंटा वाजली. मुद्दा अजून यायचाच होता.

"धन्यवाद, मॅम," प्रमुख म्हणाले. "एक विचारू? आत्ता आपण कुठून बोलताय?"

"जपानमधून. त्सुकुबा."

"तिथे किती वाजले?"

"सकाळचे सव्वाआठ. गुरुवारचे."

दोन-चार जण हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानंच हसले.

"आमच्या राज्यात परत यायचा विचार आहे का?"

शैलजाला खोटं बोलता आलं असतं. 'हो, निवृत्त झाल्यावर' एवढं पुरलं असतं. "सध्या तसं काही ठरलेलं नाही," ती म्हणाली.

"समजलं. म्हणजे आपण तिथे राहणार, आणि आम्ही इथे मत कसं द्यायचं ते आपण सांगणार." आवाज अगदी मऊ होता. "आपण वेळ काढलात, आभारी आहोत."

तिचं चित्र पडद्यावरून गेलं. ती बोलायला तोंड उघडून तशीच बसली होती. कायद्यानं माझं मत तिथेच आहे, मला दुसरं कुठलं मत नाही, मी तिथून गेले म्हणून मी अर्धी होत नाही. सगळी उत्तरं अर्ध्या मिनिटानं आली. तेव्हा समोर एक धर्मगुरू बोलत होते.

समितीनं त्या दिवशी मतदान घेतलं नाही. विधेयक "हातात ठेवलं आहे" एवढंच सांगितलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अस्मिता टेबलाशी बसली होती. विद्यापीठाला सुट्टी होती, बाइतोही, म्हणजे फावल्या वेळची नोकरीही, नव्हती. एरवी या वेळी ती स्टेशनजवळच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, गल्ल्यावर असायची.

"आई, तुझ्या नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटची कॉपी हवीय मला. बाबांच्या पासपोर्टची पण. आणि तुमच्या लग्नाचा दाखला."

दिवसभरात पहिल्यांदाच शैलजाला बरं वाटलं. पोरीनं सकाळची सुनावणी ऐकली असणार. ती पत्र लिहिणार असणार. "पत्राला एवढं सगळं नाही लागत गं," ती कोट काढता काढता म्हणाली. "नाव, पत्ता, सही. बस."

अस्मितानं मान हलवली. मग म्हणाली, "पत्राला नाही. किका."

हा शब्द शैलजाला ठाऊक होता. जपानचं नागरिकत्व घेणं. आणि जपान दोन नागरिकत्वं चालवून घेत नाही, हेही ठाऊक होतं.

"म्हणजे अमेरिकेचं सोडणार?"

"लागेलच ना."

"कधी ठरवलंस?"

"ऑक्टोबरमध्ये." अस्मितानं कागदाचा कोपरा दुमडला, उलगडला. "सिटीचं इलेक्शन होतं ना, महापौर, कौन्सिल. मियु, हारुका, सगळ्या गेल्या. फर्स्ट टाइम. शाळेच्या जिममध्ये होतं. मला म्हणाल्या, तू पण चल. मी गेले. आणि बाहेर त्यांच्या सायकली सांभाळत उभी राहिले. त्या आत. मी बारा वर्षांची असल्यापासून इथे राहते, आई. त्या जिममध्ये मी बास्केटबॉल खेळलेय."

"मग मला तेव्हा का नाही बोललीस?"

"तू तेव्हा ती पाकिटं ट्रॅक करत होतीस."

सदानंद हात पुसत आतून आला आणि दारातच उभा राहिला.

शैलजाचा तोल गेला. सकाळपासून जे कोणाला म्हणता आलं नव्हतं ते सगळं पोरीवर निघालं. "एका महापौरासाठी? अगं, इथे पंतप्रधानसुद्धा लोक निवडत नाहीत, खासदार आत बसून निवडतात! तिथे निदान बदलायचा प्रयत्न तरी चाललाय. माणसं वीस-वीस वर्षं झटतायत. आणि तू निघून जाणार? एक मत आणखी कमी?"

"त्या मताचं काही होत नाही, हे तूच सांगतेस ना! रोज सांगतेस!"

"म्हणून तर ते मोजलं जायला हवं!"

"मोजू दे ना! मी कुठे नको म्हणतेय? पण मला तिथलं काहीच माहीत नाही. तिथले रस्ते माहीत नाहीत. इथे सायकलींची लेन कुठे संपते आणि ट्रक कुठून येतो ते मला माहितीय. मला तेच—" पुढचं ती जपानीत बोलली, भराभर, आणि शैलजाला निम्मंच कळलं.

"मराठीत बोल."

"मराठीत येत नाही मला ते!" अस्मिता उठून खोलीत गेली.

सदानंद खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "तूही भारताचं सोडलंच होतंस एकदा."

"ते वेगळं होतं."

"शाळेच्या बोर्डाची निवडणूक होती. आठवतंय? तू अकरा वर्षं त्या गावात राहत होतीस. म्हणालीस, मी इथल्या सगळ्या सभांना जाते, आणि हात वर करायची वेळ आली की मागे बसते. तुझे बाबा सहा महिने बोलले नाहीत तुझ्याशी."

शैलजाला आठवत होतं. तिचे वडील विश्वनाथ ओक, मुख्याध्यापक, साताऱ्याहून फोनवर एवढंच म्हणाले होते, "कळलं," आणि फोन आईकडे दिला होता. तो एक शब्द विसरायला तिला पुढची कितीतरी वर्षं लागली होती. पण हे आठवलं म्हणून राग कमी झाला नाही, उलट वाढला. मुलगी चूक असती तर सोपं गेलं असतं.

मार्च असाच गेला. विधेयकाचं काय झालं ते कळेना. शैलजा रोज सकाळी विधिमंडळाचं पान उघडून बघायची. विधेयकाच्या नावापुढे तेच: समितीकडे. तिनं समितीच्या अकराही सदस्यांना पत्रं लिहिली. एका बाईंचं उत्तर आलं, सभ्य आणि चार ओळींचं. बाकी दहांकडून "आपलं पत्र मिळालं" असं यंत्रानं कळवलं. कागदपत्रांच्या प्रती मात्र तिनं अस्मिताच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी अस्मिता आईसाठी कोंबिनीतून तिला आवडतं ते लाल बीन्सचं बन घेऊन आली.

एप्रिलच्या मध्यावर मितोच्या नागरिकत्वाच्या कार्यालयातली वेळ मिळाली. आई-वडिलांपैकी कोणीतरी बरोबर आलं तर बरं, असं फोनवर सांगितलं होतं. सदानंद नेमका परिषदेला निघालेला, म्हणून शैलजानं सुट्टी टाकून गाडी काढली. सबंध तासाच्या रस्त्यात दोघी हवेबद्दल बोलल्या.

प्रतीक्षालयात बसल्यावर फोन वाजला. लॉरेटाचा मेल होता. समितीनं विधेयक मतदानाला घेतलंच नाही. मुदत काल संपली. विरोधात कोणी मत दिलं नाही. बाजूनंही कोणी दिलं नाही. अकरांपैकी एकालाही हात वर करावा लागला नाही. 'पुढच्या जानेवारीत पुन्हा आणू,' लॉरेटानं लिहिलं होतं, 'मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, त्यामुळे लवकर आणू.'

शैलजानं मेल तीनदा वाचला. हरल्याचं दुःख एक वेळ चाललं असतं. सहा विरुद्ध पाच, अकरा विरुद्ध शून्य, काहीही. पण मतदानाच्या पद्धतीवर मतदानच घ्यायचं नाही!

"काय झालं?" अस्मितानं विचारलं.

"गेलं बिल."

अस्मितानं काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

टेबलामागचे अधिकारी पन्नाशीचे होते, गोड बोलणारे. त्यांनी फाइलमधला एकेक कागद काढून, बोट ठेवून वाचला. वीस मिनिटं हे चाललं. मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. अस्मिताच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव शैलजा. लग्नाच्या दाखल्यावर वधूचं नाव शैला. साताऱ्यातल्या कोणा कारकुनानं अठ्ठावीस वर्षांपूर्वी कंटाळून एक अक्षर गाळलं होतं. ही एकच व्यक्ती आहे हे सांगणारा कागद हवा, भारतातून, भाषांतरासह. आणि पुढची वेळ पाच आठवड्यांनी.

"पण ही समोरच बसलीय," अस्मिता जपानीत म्हणाली. एवढं शैलजाला कळलं.

अधिकाऱ्यांनी खेदानं मान लववली.

बाहेर गाडीपाशी आल्यावर अस्मितानं फाइल मागच्या सीटवर आदळली. "मेन्दोकुसाई!" कटकट, वैताग, डोक्याला ताप, सगळं त्या एका शब्दात आलं. "सहा महिने पेपर जमवले मी! वर अजून वर्ष लागणार. एका अक्षरासाठी!"

आणि शैलजाला एकदम तिची कीव आली, मघापासून स्वतःची येत होती तशीच. "मला तीनदा परत पाठवलं होतं," ती म्हणाली. "अमेरिकेत. एकदा फोटोत कान दिसत नाही म्हणून."

"खरंच?"

"एक कान."

अस्मिता हसली नाही, पण गाडीत बसली. रस्त्यात एका कोंबिनीसमोर थांबून दोघींनी शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या ओनिगिरी घेतल्या आणि गाडीतच खाल्ल्या. समोर पेट्रोलचा टँकर वळत होता.

"जानेवारीत परत आणणार ना बिल?" अस्मितानं विचारलं.

"लॉरेटा म्हणतेय."

"मग तेव्हा माझं लेटर घाल त्यात. तोपर्यंत मी अमेरिकनच असणार, दिसतंय ना."

"नको."

"का?"

"त्यांनी मलाच विचारलं, परत येणार का म्हणून. तुझं काय सांगू? ही तर नागरिकत्वच सोडायला निघालीय?"

"सांग ना. नाही येणार म्हणून सांग." अस्मितानं समुद्री शेवाळाचा तुकडा ओठावरून काढला. "सगळ्यांचं मत सेम मोजलं पाहिजे, एवढंच आहे ना त्यात? ते बरोबरच आहे. मी तिथे राहते की नाही, याचा काय संबंध?"

हेच वाक्य. हेच वाक्य शैलजाला त्या गुरुवारी सकाळी सुचायला हवं होतं. सोळा सेकंदांत बसलं असतं. आणि ते तिला सांगत होती ती तो देश सोडून निघालेली पोर, तोंडात भात असताना. शैलजानं गाडी सुरू केली. 

त्या संध्याकाळी तिनं दोन मेल लिहिले. पहिला साताऱ्याला, मामेबहीण चारुताला: नगरपालिकेत जाऊन शैला आणि शैलजा एकच असल्याचा दाखला काढ, नाही म्हणाले तर पुन्हा जा, माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. दुसरा लॉरेटाला. त्यात तिनं आधी समितीबद्दल चार जळजळीत ओळी लिहिल्या, त्या पुसल्या, मग पुन्हा लिहिल्या आणि तशाच ठेवल्या. खाली लिहिलं: जपानची सोळा पत्रं, सोळावं माझ्या मुलीचं, डिसेंबरपर्यंत तुमच्या हातात असतील. मात्र या खेपेला वक्त्यांच्या यादीत माझं नाव पहिल्या तिघांत घाला. मला पूर्ण दोन मिनिटं हवी आहेत.